लिंबाजीच्या पाठीवरचं ऊन

लिंबाजी सोनवणे रोज उलटा चालत कामावर येतो.

ऐकीव नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. चाकणच्या चौकात बसमधून उतरलं की आमच्या यार्डापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची पायपीट आहे. यार्ड पडलं पूर्वेला. म्हणजे सकाळी येताना ऊन तोंडावर. संध्याकाळी जायचं पश्चिमेला, म्हणजे तेव्हाही ऊन तोंडावरच. आणि लिंबाजीचा सोलर, म्हणजे उन्हावर फोन भरायची काच, असतो पाठीवर. मग हा सूर्याकडे पाठ करतो आणि पावलं मागं मागं टाकत येतो. गाड्या दोन्हीकडून हॉर्न देतात. जी दिसते तिला हा हात करतो, जी दिसत नाही ती याला चुकवून जाते.

"आरं, छातीवर बांध की ते!" पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हणालो.

"छातीवर बांधलं की लोक हसत्यात वो, नाना."



आधी माझं सांगतो, म्हणजे बोलणारा कोण हे कळेल. मी चौथी पास. पाचवीत मास्तरांशी वाद झाला, त्यांनी चूक कबूल केली नाही, म्हणून मी पुन्हा शाळेत गेलो नाही. पण चिंचवडला पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर तीस वर्षं काढली आणि दहाच्या दहा बोटं घेऊन रिटायर झालो. प्रेसवरच्या माणसानं हात पुढं केला की जाणकार आधी बोटं मोजतो. माझी मोजा. तेव्हा यंत्राबद्दल मी काही बोललो तर लोकांनी ऐकून घ्यावं, अशी माझी अपेक्षा असते. लिंबाजीचा सोलर बघून मी म्हणालो होतो, हे खेळणं आहे. तो शब्द मला परत घ्यावा लागला. आयुष्यात शब्द परत घेतल्याची ही दुसरी वेळ. पहिली कुठली, ते आठवत नाही.

आम्ही दोघं यार्डाच्या मागच्या गेटचे वॉचमन. दिवसाची ड्यूटी. कंपनीतून नव्याकोऱ्या गाड्या आल्या की त्या इथं उभ्या राहतात आणि मग ट्रेलरवर चढून मुलुखभर जातात. नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या, आणि प्रत्येकीच्या पोटात बॅटरी. पण हात लावायचा नाही. आणि एवढ्या बॅटऱ्यांची राखण करणाऱ्या आमच्या पत्र्याच्या केबिनीत फोनची पिन खुपसायला एक भोक नाही. ऑफिसात भोकं आहेत, पण तिथं वॉचमननं फोन लावायचा नाही असा नियम. मला फरक पडत नाही. माझा बटनांचा फोन आठवडाभर चालतो, कारण मला कुणी फोन करत नाही. लिंबाजीचा फोन मात्र काचेचा, जुना, दुपारी मान टाकणारा.

आधी तो ट्रेलरवाल्यांच्या केबिनमध्ये फोन चार्जिंगला लावायचा. ड्रायव्हर चांगले, नाही म्हणत नाहीत. एकदा एकाची पाळी अचानक आली आणि तो गाड्या भरून थेट तमिळनाडूला निघाला. टोलनाका ओलांडल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं सुपरवायझरला फोन केला, "साब, वो चाचा का फोन तो मेरे साथ आ गया." फोन नऊ दिवसांनी परत आला. मी म्हणालो, "लिंबाजी, तू कधी समुद्र बघितला न्हाईस, पन तुझा फोन बघून आला!" सगळे हसले. लिंबाजी हसला नाही. तोंड असं करून बसला की मला वाटलं, मराठवाड्याकडचा माणूस, चेष्टा समजत नसेल.

त्यानंतर हे सोलरचं खूळ सुरू झालं.

पहिला त्यानं पिंपरीच्या फुटपाथवरून आणला. साबणाच्या वडीएवढा पॉवर बँक आणि त्याच्या पाठीवर बिस्किटाएवढी काळी काच. चार ठिपके पेटले की तो भरला असं समजायचं. दिवसभर उन्हात ठेवला तर संध्याकाळी एक ठिपका पेटायचा, तोही लाजत. मी सांगितलं, "बशीनं विहीर भरायचं काम हाय हे." लिंबाजी म्हणाला, "भरायलंय, नाना, भरायलंय."

हे त्याचं पालुपद. ढग असो, धूळ असो, कावळा येऊन बसलेला असो. "भरायलंय."

वैशाखात त्याला वाटलं, जितकं ऊन जास्त तितकं लवकर भरेल. म्हणून तो पॉवर बँक केबिनीच्या पत्र्यावर ठेवला. तापलेला पत्रा म्हणजे तवाच. दुपारी बघतो तर तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगलेला! लिंबाजी हातानं उचलायला निघाला. मी ओरडलो, "बोटं!" आणि खोऱ्यानं ओढून तो आग विझवायच्या बादलीतल्या वाळूत पुरला. दहा बोटांचा माणूस जवळ असण्याचा हा फायदा.

मला वाटलं, खूळ गेलं. पण पुढच्या महिन्यात हा नवा घेऊन हजर. हा घडीचा. पान खाणाऱ्याची चंची असते ना, तशी उलगडायची, आत चार काळ्या काचा. याच्या पोटात बॅटरीच नाही. काच उन्हात, पॉवर बँक सावलीत, फोन त्याहून गार सावलीत, आणि मधे वायर. फोन लिंबाजी भाकरीच्या रिकाम्या डब्यात, ओल्या फडक्यावर पालथी वाटी ठेवून तिच्यावर ठेवायचा. मी एवढी बडदास्त ठेवलेला जावईसुद्धा बघितला नाही.

आणि ते सरकणं! सूर्य सरकला की काच सरकवायची. तोंडाशी नेलेला घास डब्यात ठेवून हा उठायचा. "सूर्य हलला वो." कुठल्या ट्रेलरची सावली कधी कुठं येते, विजेच्या खांबाची सावली काचेवर कधी पडते, सगळं तोंडपाठ. बोटाएवढ्या सावलीनंही काच निम्मी आंधळी होते, हे मला त्यानं दाखवलं. मी बोट धरलं, दिवा मिणमिणला. बोट काढलं, दिवा भडकला. मी दोनदा करून बघितलं. मग तो तिकडं बघत असताना तिसऱ्यांदा.

केबिनीच्या भिंतीवर खडूनं त्यानं सूर्याचं हजेरीपत्रक केलं. चांगलं ऊन पडलं की 'ह'. दुपारनंतर ढग आले की 'हाफ डे'. वैशाखात तर ओळीनं 'ओव्हरटाइम'. आषाढ-श्रावणात नुसते 'गै', 'गै', 'गै'. सुपरवायझर एकदा केबिनीत आला, भिंत बघितली आणि म्हणाला, "हा कोण आहे? महिनाभर गैरहजर? काढून टाका त्याला!"

"काढता येत नाई, साहेब," लिंबाजी हात जोडून म्हणाला. "पर्मनंट हाय."

मी खोट काढण्यात कमी केली नाही. पावसाळ्यात हे मुकं. बसच्या काळ्या काचेमागं हे झोपलेलं. धुळीचा थर बसला की अर्धं पोट. दिवसभर मागंपुढं नाचलं तेव्हा एक फोन भरतो, तोच भिंतीतल्या भोकात पिन घालून माणूस झोपा काढून भरतो. सगळं खरं. लिंबाजीही खरंच म्हणायचा. पण तो राहतो मोशीत, चाळीत, आणि तिथली विजेची डीपी उन्हाळ्यात जळते, पावसाळ्यात जळते, मधे सवड मिळाली की तेव्हाही जळते. सगळी चाळ बंद पडलेले फोन हातात घेऊन उभी असते, तेव्हा लिंबाजीचे चार ठिपके पेटलेले असतात. कुणाचं बिल नाही, कुणाची परवानगी नाही.

खरं सांगतो, मनातून मी थक्क झालो होतो. उन्हात पापड वाळतो, मिरची वाळते, माणूसही वाळतो, हे मला माहीत. पण ऊन घडी घालून पाठीवर टाकायचं, डब्यात भरून बसनं मोशीला न्यायचं, आणि त्या उन्हातून माणसाचा आवाज ऐकायचा! तीस वर्षं मी लोखंडाला आकार दिला, पण उन्हाला हात घालायची हिंमत मला कधी झाली नव्हती. हे मी त्याला बोललो नाही. कशाला बोलायचं?

एक गोष्ट मात्र मला खुपायची. एवढा जीव टाकून भरलेला फोन हा उधळायचा कशावर? तासा-दीड तासानं तो ट्रेलरांच्या आड जायचा. मी एकदा मागं गेलो. बघतो तर फोन तोंडासमोर धरून गोड गोड हसतोय. व्हिडिओ कॉल! "ही बग लाल गाडी. ही पांढरी. तुला कुटली आवडली?" बासष्ट वर्षांचा माणूस!

"लिंबाजी," तो परत आल्यावर मी विचारलं, "कोन हाय रं ती?"

"बायकू."

"घरची?"

"आता आनी कुटली, नाना?"

मग तो खाली बसला आणि सांगितलं. त्याची बायको कौसाबाई. तीनेक वर्षांपासून तिचं विसरणं वाढलं होतं. आधी मीठ विसरायची, मग चूल, मग घर. दार उघडं दिसलं की चालत सुटायची. शेजारची मंदा घरबसल्या रबरी पार्ट कापायचं काम करते, ती लक्ष ठेवते. पण मंदा पाणी भरायला गेली तरी तेवढ्यात ही रस्त्यावर. नाव विचारलं तर माहेरचं सांगायची, आणि गाव विचारलं तर तेही माहेरचंच.

"फोन तमिळनाडूला गेलता ना," लिंबाजी म्हणाला, "तवा ती गेलती, नाना. एक दिस, एक रात. पिंपरीत एका दुकानाच्या पायरीवर घावली. चाळीतली लोकं माजा नंबर लावायलेते. फोन ट्रेलरमदी वाजायलेता."

मी समुद्राची चेष्टा केली होती, ती मला तेव्हा आठवली.

"मग गावाकडच्या जत्रेत नेलं तिला. तिच्या हातावर आधीचं तुळशीवृंदावन गोंदलेलं हाय. त्याच्या खाली माजा नंबर गोंदून घेतला. दहा आकडे. लई रडली. आता मी मेलो तरी नंबर बदलता येत नाई, आन् फोन बंद ठिवता येत नाई."

"आनि हे व्हिडिओचं?"

"आवाज वळखत नाई ती आता. तोंड वळखती. मंदाच्या फोनात माजं तोंड दिसलं की बसती गप एका जागी." मग म्हणाला, "कवा कवा नुसतं बगती. पर बसती."

त्या दिवसापासून मी त्या सोलरला खेळणं म्हणालो नाही. पण माफी मागायची सवय मला नाही. म्हणून मी खंडेनवमीची वाट बघितली.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय, ते कारखान्यात काम केलेल्यालाच कळेल. मशीन धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याला बसू द्यायचं. प्रेस शॉपमध्ये एकदा मोठ्या साहेबानं तातडीचं काम काढलं होतं. मी सांगितलं, उद्या. झालं उद्या.

यार्डातही पूजा झाली. ट्रेलरांना केळीचे खुंट बांधले, पेढे वाटले, आणि बाराच्या आत ड्रायव्हर, ऑफिस, सुपरवायझर, सगळे कुलपं लावून घरी. राहिलो आम्ही दोघं. केबिनीसमोर आमचा पाट मांडला. मी माझी शिट्टी आणि टॉर्च ठेवला. लिंबाजीनं काठी ठेवली.

"काठी न्हाई," मी म्हणालो. "तुझं हत्यार ते न्हाई. आण तो सोलर."

लिंबाजी माझ्याकडं बघतच राहिला. दीड वर्षं मी त्या वस्तूला शिव्या घातल्या होत्या. त्यानं चंची उलगडली आणि पाटावर ठेवली. मी स्वतःच्या हातानं चारी काचांना हळद लावली, वर कुंकवाची पाच-पाच बोटं ओढली, आणि मनगटाएवढी जाड झेंडूची माळ आडवी-उभी घातली. नारळ फोडला. लिंबाजीचे डोळे भरून आले होते.

"आता उद्यापतूर उचलायचं न्हाई," मी बजावलं.

"नाना, पर भरायला..."

"एक दिस सुट्टी दे की त्याला. पर्मनंट हाय ना?"

तो हसला. पॉवर बँक बघितला. दोन ठिपके. आदल्या दिवशी ढग होते, आणि मोशीची डीपी दोन दिवस जळलेली. "निभंल," तो म्हणाला. माझ्या शब्दाखातर म्हणाला, हे मला नंतर कळलं.

चाळीत सणाचे ढोल वाजत होते, म्हणून कौसाबाई बिथरलेली. त्यानं चार वेळा जास्त व्हिडिओ कॉल केले. अडीचला पॉवर बँक संपला. तिनाच्या सुमाराला फोन काळा पडला.

"नाना, तुमचा फोन द्या जरा."

मी दिला. त्यानं मंदाला लावला. ती एवढ्यानं बोलत होती की मला सगळं ऐकू आलं. "मामा, फोन कामून बंद केलाव? मगापासनं मामी न्हाईत! सगळी चाळ हुडकायलीय!"

लिंबाजीनं फोन माझ्या हातात ठेवला. रस्त्यावर कुणीतरी तिचा हात धरून दहा आकडे वाचत असेल, फोन लावत असेल, आणि तिकडून ऐकू येत असेल, बंद आहे. दोनदा लावतील, तिसऱ्यांदा कोण लावतो?

त्याचं सिम माझ्या फोनात घालून बघितलं. सिम नखाएवढं, माझ्या फोनाची खाच मोठी. आत जाऊन हरवायचं तेवढं राहिलं. ऑफिसला कुलूप. ट्रेलरला कुलूप. मोशीला जायचं तर सणाची बस कधी मिळणार, आणि मोशीत बघणार कुठं? यार्डात हजारभर बॅटऱ्या मख्ख उभ्या होत्या.

लिंबाजी पाटासमोर उभा होता. काचेवर हळद, कुंकू, झेंडू. वर आभाळ लख्ख, आणि ऊन फुकट चाललेलं. तो बघत होता, पण हात पुढं करत नव्हता. मी सांगितलं होतं ना, उचलायचं नाही.

मग मीच माळ उचलली. तीस वर्षं मोठ्या साहेबासमोर जे मोडलं नव्हतं, ते मोडलं. हळद-कुंकू पुसायला फडकं दिसेना, म्हणून डोक्यावरची टोपी काढली आणि तिनंच पुसलं. नवी टोपी होती. सणाची.

"जिमिनीवर ठिवून भागायचं नाई," लिंबाजी वायर सोडवत म्हणाला. "ऊन तिरपं झालंय. समोर धरावं लागंल."

"तू फोन घेऊन सावलीत बस," मी म्हणालो आणि गेटाबाहेर रस्त्यावर, जिथं कशाचीच सावली नाही तिथं, चंची उलगडून छातीवर धरून सूर्यासमोर उभा राहिलो. वायर काखेतून मागं, आणि मागं माझ्याच सावलीत लिंबाजी उकिडवा.

मोटरसायकलवरून दोघं चालले होते. मागचा ओरडला, "आजोबा, काय देवी आली का अंगात?" आणि दोघं खदाखदा हसत गेले. छातीवर बांधलं की लोक हसतात. लिंबाजीचं खरं होतं.

"काय दिसतंय का रं?"

"काळंच हाय."

हात भरून आले. एक ढग सूर्याकडं निघाला. वळवाचा नाही, पावसाचा नाही, उगाच भटकणारा एक ढग. मी त्याच्याकडं असं बघितलं की प्रेसवर उशिरा आलेल्या हेल्परकडंही कधी तसं बघितलं नसेल. तो जरा थबकला आणि बाजूनं गेला. हे कुणी खरं मानो न मानो.

"पेटला!" लिंबाजी ओरडला. "नाना, हलू नका!"

मी कशाला हलतो? फोन सुरू व्हायला युगं लागली. सुरू झाला आणि मिनिटभरात वाजला.

"अहो, किती येळ लावायचा फोन!" बाईचा आवाज. "एक आजी हायत इथं. हातावर हा नंबर हाय. मोशीच्या चौकात मी झेंडू विकते, माझ्या शेजारी येऊन बसल्यात. आन् माळा करायला घेतल्यात की! माझ्यापेक्षा सरळ करत्यात. गिऱ्हाईक त्यांचीच मागतंय."

"ताई, व्हिडिओ लावा," लिंबाजी म्हणाला. "उपकार व्हतील. माजं तोंड दाखवा तिला."

मला वळून बघता येत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं. मग एक म्हातारा, बारीक आवाज आला.

"जेवलाव का?"

"जेवलो की," लिंबाजी म्हणाला. त्याचा डबा केबिनीत तसाच पडला होता. "तू काय करायलीस?"

"माळा. दारं मोठी हाईत ना आपली."

"मोठी हाईत. कर. मी हितंच हाय, बगायलोय."

मंदाला माझ्या फोनवरून सांगितलं, ती निघाली. ती पोचेपर्यंत कौसाबाईला हलू द्यायचं नव्हतं, म्हणून लिंबाजीनं फोनसमोरून तोंड हलवलं नाही. दोघं नवराबायको बोलत होते, तीच दोन वाक्यं, पुन्हा पुन्हा. जेवलाव का. जेवलो. दारं मोठी हाईत. मोठी हाईत. दर वेळी तो पहिल्यांदा ऐकल्यासारखं उत्तर देत होता. सूर्य खाली उतरत होता तसा मी पायांनी जागच्या जागी वळत होतो. आता मला सावल्या कळायला लागल्या होत्या.

शेवटी मंदाचा आवाज आला. "सापडल्या, मामा. धरलाय हात."

लिंबाजी उठला. त्याचे गुडघे वाजले. माझ्याजवळ येऊन त्यानं काचेच्या कोपऱ्यावर राहिलेली हळद अंगठ्यानं पुसली.

"बास, नाना. ठिवा आता खाली. पोचली ती."

माझे दंड थरथरत होते. डोकं उघडं, टोपी पिवळीजर्द. ऊन अजून वीतभर शिल्लक होतं, आणि रात्री मोशीची डीपी जळलेलीच असणार होती.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "भरायलंय."